आज्ञापत्र आणि राऊटर

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र शिकवले जाते, आणि ते उत्तम गद्याचा नमुना म्हणून शिकवले जाते. इ.स. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यातल्या दुर्गप्रकरणात किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, पाणी नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत, आणि एक झरा आहे म्हणून तेवढ्यावर विसंबून राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झऱ्यांचे पाणी कमी होते, असे बजावलेले आहे. वर्गात आपण या मजकुराच्या नेमकेपणाविषयी बोलतो, त्यातल्या आज्ञार्थी क्रियापदांच्या तोलाविषयी बोलतो, परीक्षेत त्यावर प्रश्न घालतो. एक गोष्ट मात्र आपण सहसा म्हणत नाही, ती अशी की हे सूचनालेखन आहे. एखादे अवघड काम कसे करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि तोच क्रम का, हे ते काम ज्याच्या अंगावर पडणार आहे त्याला कळावे, म्हणून लिहिलेला हा मजकूर आहे.

असाच मजकूर आज कोणी लिहिला तर त्याचे काय होते? समजा कोणी मराठीत लिहिले, की केबलवाल्याने दारापर्यंत आणून सोडलेली इंटरनेटची एक जोडणी घरातल्या पाच माणसांनी राऊटर लावून कशी वाटून घ्यावी. मराठी विभागात त्याला कोणी बसायला सांगणार नाही. 'हे तांत्रिक आहे' असे म्हणून त्याला संगणकशास्त्राच्या विभागाचा रस्ता दाखवला जाईल, आणि तिथे 'हे मराठीत कशाला?' असे विचारले जाईल. अठराव्या शतकातले सूचनालेखन वाङ्मय आणि एकविसाव्या शतकातले सूचनालेखन नुसता मजकूर, या दुटप्पीपणावर आमचा आक्षेप आहे. आक्षेप सौम्य शब्दांत मांडण्याची आमची इच्छा नाही, कारण त्याची किंमत वर्गाबाहेरची माणसे मोजत आहेत.

भोर आणि वेल्हे हे दोन तालुके आम्ही उदाहरणासाठी घेतो. राजाराम महाराज १६८९ साली जिंजीकडे गेले तेव्हा मागे राहून मुलूख सांभाळणाऱ्यांत रामचंद्रपंतांच्या बरोबरीने शंकराजी नारायण होते. तेच पुढे सचिव झाले आणि त्यांच्याच घराण्याचे भोर संस्थान १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकले. सचिवाचे, म्हणजे जुन्या सुरनिसाचे, काम काय होते? बाहेर जाणारी राजपत्रे वाचून पाहणे, अधिकउणा मजकूर दुरुस्त करणे, नोंद ठेवणे. मजकूर तपासण्याच्या हुद्द्यावरच्या घराण्याचे जे संस्थान होते, त्या मुलखात आज घरोघर येणाऱ्या एका यंत्राचा कागद कोणालाही वाचता येत नाही. हा योगायोग आम्हाला चमत्कारिक वाटतो.

मुलूख डोंगरांचा आहे. राजगड आणि तोरण्याच्या सोंडांमध्ये मोबाइलची रेंज एका वळणावर असते, पुढच्या वळणावर नसते. पानशेत आणि वरसगावच्या धरणांचे पाणी वेल्ह्यातून पुण्याला जाते, भाटघरचे पाणी भोरमधून खालच्या कालव्यांना जाते, आणि उलट दिशेने, शहराकडून डोंगराकडे, येते ती इंटरनेटची तार. ती जिथवर पोचली तिथे घराला तिचे मोल शहरातल्या घराहून जास्त असते. सातबारा काढायचा, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाचा चेहरा पाहायचा, सगळे त्या एका तारेवर. तार एक आणि माणसे पाच, म्हणून राऊटर.

राऊटर काय करतो हे साहित्याच्या विद्यार्थ्याला समजणार नाही असे आम्हाला वाटत नाही. कोणत्याही कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर पाठवणारा म्हणून कचेरीचा एकच पत्ता पडतो. आतल्या कोणत्या टेबलावरून ते निघाले हे फक्त नोंदवहीला ठाऊक असते, आणि उत्तर आले की कारकून ती वही पाहून ते त्या टेबलावर नेऊन ठेवतो. राऊटर हाच कारकून. केबलवाल्याकडून घराला पत्ता एक मिळतो. आतल्या फोनना, लॅपटॉपला, टीव्हीला राऊटर स्वतःचे घरगुती पत्ते वाटतो, त्यांची मागणी घराच्या एका पत्त्यावरून बाहेर धाडतो आणि नोंदवही पाहून उत्तर ज्याचे त्याला पोचवतो. ही युक्ती १९९४ साली पुढे आली. इंटरनेटच्या जुन्या पत्तेपद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते होते आणि ते पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसू लागले होते. आशिया-पॅसिफिक प्रदेशाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये खरोखरच संपला. नवी, प्रचंड मोठी पत्तेपद्धती तयार आहे, पसरतेही आहे. तरी कारकुनाची नोकरी गेलेली नाही.

या कारकुनाला केबलवाल्यांनी प्रथम चोर समजले, हेही सांगितले पाहिजे. २००० नंतरच्या दशकात पुण्या-मुंबईत केबलवरचे इंटरनेट आले तेव्हा अनेक ठिकाणी जोडणी एका संगणकाला बांधून दिली जात असे. त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक केबलवाल्याच्या यादीत लिहिलेला. दुसरा संगणक जोडला तर नेट बंद. दुसऱ्या संगणकाचे वेगळे पैसे मागितले जात. राऊटर बनवणाऱ्यांनी त्यावर तोड काढली: राऊटर त्या पहिल्या संगणकाचा क्रमांक स्वतःच्या कपाळी लावून बाहेर उभा राहतो. ही सोय आजच्या राऊटरातही सापडते आणि ती कशासाठी आहे हे नव्या पिढीला कळत नाही. एका विहिरीवर किती तोंडे पाणी पितात हे विहीर खणणाऱ्याने मोजावे, असा तो काळ होता. आता लहान पुरवठादार स्वतःच कित्येक घरे मिळून एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. ग्राहकाने घरात केले की गैरवापर म्हणायचे, तेच गावभर आपण केले की व्यवस्था म्हणायची!

वाटून घेण्याला सरकारही बराच काळ बिचकत होते, आणि त्याला मात्र कारण होते. वाय-फाय ज्यावर चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्यातून मोकळा झाला. पुढे जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका परदेशी रहिवाशाच्या घरातल्या असुरक्षित वाय-फायवरून गेल्याचे तपासात निघाले. पाठवणारा दुसराच, पत्ता मात्र त्या घराचा. चौकशीचा ससेमिरा त्या घरामागे लागला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय कुलूपबंद ठेवण्याविषयी सूचना काढल्या. नंतर वारे फिरले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली आणि चहाच्या टपरीवाल्यालाही परवान्यावाचून, नोंदणीवाचून वाय-फाय विकण्याची मुभा दिली. त्या टपरीवाल्यांकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारू नये, असा आदेश ट्रायने जून २०२५ मध्ये दिला. म्हणजे वाटणे आता धोरण आहे. पण ज्याने वाटायचे त्याला हे यंत्र कसे चालते ते सांगणारा कागद कुठे आहे?

कागद खोक्यात असतो. घडी उलगडली की दहाबारा भाषा दिसतात, कधी वीस. मराठी त्यांत आम्हाला अजून आढळली नाही. भोरच्या बाजारपेठेतल्या आणि वेल्ह्याच्या वाटेवरच्या ज्या घरांत आम्ही हे डबे पाहिले, तिथे तो कागद खोक्यातून बाहेरच निघालेला नव्हता. केबलवाल्याचा मुलगा येतो, दहा मिनिटांत डबा लावतो, घराच्या वाय-फायला घरमालकाचे नाव देतो आणि किल्ली म्हणून त्याचाच मोबाइल नंबर टाकतो. गल्लीत तो नंबर कोणाला ठाऊक नसतो? राऊटरच्या आतल्या खोलीची, म्हणजे सेटिंगच्या पानाची, नाममुद्रा आणि परवलीचा शब्द कारखान्यातून आला तसाच राहतो. घराला कुलूप आणि किल्ली चौकटीवर टांगलेली. २००८ च्या प्रकरणातून सरकार शिकले, केबलवाल्याचा मुलगा शिकला नाही, आणि त्याला कोणत्या भाषेत शिकवणार होतो आपण?

पावसाळ्यातली गोष्ट आणखी वाईट. वेल्ह्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वीज जाणे-येणे काय असते ते सांगायला नको. वीज येते, राऊटर नीट उठत नाही, घरातले कोणीतरी मागच्या बारीक भोकात काडी घालून दाबते, कारण 'रिसेट केल्यावर चालू होते' असे कोणी सांगितलेले असते. ते बटण डबा कोरा करते. केबलवाल्याने भरलेली जोडणीची नाममुद्रा आणि परवलीचा शब्द पुसला जातो. ते दोन शब्द घरात कोणाजवळ लिहिलेले नसतात. मग तालुक्याहून माणूस यायचा. तो आज येतो, उद्या येतो, तिसऱ्या दिवशी येतो, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही. बंद करून पुन्हा चालू करणे आणि कोरा करणे, एवढा दोन क्रियापदांचा फरक. हा फरक सांगणे हे भाषेचे काम आहे, अभियांत्रिकीचे नाही. मराठीला तो साधत नाही असे कोण म्हणेल? मराठीने तो सांगितला नाही, एवढेच.

यावर तीन उत्तरे हमखास येतात. पहिले, की लोक यूट्यूबवर बघून करतात. करतात, आम्ही नाकारत नाही. पण ज्या घरात नेट लागायचे आहे त्या घराने नेटवरचा व्हिडिओ बघून नेट लावावे, ही सूचना वेल्ह्याच्या दरीत उभे राहून करून पाहावी. शिवाय व्हिडिओ एका डब्याचा एक पडदा दाखवतो. आपल्या डब्याचा पडदा निराळा निघाला की बघणारा जागीच अडतो, कारण कुठे दाबायचे एवढेच त्याला कळलेले असते, का दाबायचे ते नाही. आज्ञापत्राने टाके खोदा एवढेच सांगितले असते तर ते एका किल्ल्यापुरते राहिले असते. झरे का आटतात हे सांगितले म्हणून ते सगळ्या किल्ल्यांचे झाले.

दुसरे उत्तर, की तंत्रज्ञानाची भाषा इंग्रजीच असायची. हे उत्तर देणारे आपल्या शेतात किंवा निदान आपल्या आजोबांच्या शेतात कधी गेले असतील तर त्यांनी पाटाचे पाणी वाफ्यांत फिरताना पाहिले असेल. पाट एक, वाफे अनेक. एक माणूस फावडे घेऊन एकाचे दार फोडतो, दुसऱ्याचे बांधतो, पाणी कुठवर भिजले ते पाहतो. त्याला दारे धरणे म्हणतात. राऊटर घरात दिवसरात्र दारे धरतो. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांतल्या माणसाला हे वाक्य सांगून पाहा. त्याला 'नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन' सांगण्याची पाळी येणार नाही. याचा अर्थ राऊटरला आम्ही 'दारेधर' म्हणू इच्छितो असा कृपया घेऊ नये. शब्द घडवण्याचा हौशी उद्योग आपल्याकडे पुष्कळ झाला. राऊटरला राऊटरच म्हणावे, वायरला वायर. पारिभाषिक शब्दांच्या याद्या करणाऱ्या समित्यांनी नामे घडवली आणि वाक्ये लिहिलीच नाहीत, आमचे भांडण तिथे आहे. नाव बदलण्यात आपण तत्पर. वेल्हे तालुक्याचे नाव २०२५ साली राजगड झाले आणि त्याचा आनंद आम्हालाही आहे. पण राजगड तालुक्यातल्या घरात त्या डब्याशी बोलायला आजही दुसऱ्याची भाषा लागते.

हे बोलणे अगदी शब्दशः घ्यावे. वाय-फायला नाव देता येते, आणि आपल्याला वाटते की ते मराठीत द्यावे. त्या नावाला ३२ बाइटांची मर्यादा आहे. रोमन लिपीत एका अक्षराला एक बाइट, म्हणजे बत्तीस अक्षरे. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, पायमोडके चिन्ह, सगळी वेगळी मोजली जातात. 'राजगड' बसते. 'सुवेळा' बसते. 'पद्मावती माची' बसत नाही. तालुक्याचे ठाणे असलेले 'वेल्हे बुद्रुक' हे गाव आपले नाव स्वतःच्या वाय-फायवर पूर्ण लिहू शकत नाही. आणि सर्रास वापरातल्या डब्ल्यूपीए-टू या कुलपाची किल्ली तर देवनागरीत ठेवताच येत नाही. मानकाने तिथे रोमन अक्षरे, इंग्रजी आकडे आणि मोजकी चिन्हेच धरली आहेत. लिपी आणि सत्ता यांवर आपल्याकडे चर्चासत्रे भरतात. त्यांतल्या एखाद्या निबंधात हा ३२ बाइटांचा हिशेब आला असता तर आम्ही तो आनंदाने वाचला असता.

तिसरे उत्तर आपल्याच घरातले आहे, आणि त्याचा आम्हाला खरा राग येतो. 'व्यावहारिक मराठी आम्ही शिकवतो की!' शिकवता. अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, बातमी, निमंत्रणपत्रिका. यांतला कोणताही प्रकार असा नाही की ज्यात वाचणाऱ्याचे हात कामात गुंतलेले आहेत आणि वाक्य चुकले तर काम बिघडते. अर्जात 'महोदय' चुकले तरी अर्ज जातो. सूचनेत 'आधी' आणि 'मग' यांची अदलाबदल झाली तर घर तीन दिवस अंधारात. सूचनालेखन हा गद्याचा सर्वांत कठोर प्रकार आहे, कारण तिथे वाचक समीक्षक नसतो, तो करून पाहतो. पाककृती लिहिणाऱ्या बायकांनी मराठीत हा प्रकार शतकाहून अधिक काळ सांभाळला. 'पाक एकतारी झाला की' या चार शब्दांत किती निरीक्षण आहे ते पाहावे. समीक्षेने त्यांच्याकडेही पाहिले नाही. ज्याचा उपयोग होतो ते वाङ्मय नव्हे, ही समजूत आपण कुठून उचलली याचा शोध कोणी घेतला तर बरे होईल.

आता 'तुम्हीच लिहून दाखवा' असे कोणी म्हणण्याआधी आम्ही लिहून दाखवतो. केबलवाल्याने भिंतीवर बसवलेल्या लहान डब्यातून जी वायर निघते, ती राऊटरच्या मागे वेगळ्या रंगाचे एकटे भोक असते त्यात खोचावी. बाकीची सारख्या रंगाची भोके घरातल्या यंत्रांसाठी आहेत, त्यांत ती खोचली तर नेट येणार नाही. (केबलवाल्याचा डबाच वाय-फाय देत असेल तर हे काम झालेलेच आहे, पुढचे मात्र करावे.) राऊटर दगडी भिंतीच्या देवळीत किंवा लोखंडी कपाटामागे ठेवू नये. देवळी तीन बाजूंनी दगडाने वेढलेली असते आणि लहरी दगडातून क्षीण होऊन निघतात, पत्र्यातून निघतच नाहीत. माजघराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याहून उंच अशी जागा धरावी. मग फोन त्या वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये डब्याखालच्या चिठ्ठीवरचा पत्ता टंकावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आकडे इंग्रजीच लागतात, हे वर लिहिलेले तिथे चालणार नाहीत. उघडलेल्या पानात पहिले काम त्या पानाचाच परवलीचा शब्द बदलण्याचे. वाय-फायची किल्ली त्यानंतर. कारण किल्ली बदलली आणि पान उघडे राहिले, तर एकदा घरात आलेला कोणीही ती परत बदलू शकतो. किल्ली बारा अक्षरांहून मोठी असावी, तिच्यात घरातल्या कोणाचा नंबर, जन्मसाल किंवा नाव नसावे. कुलपाचा प्रकार विचारला तर डब्ल्यूपीए-थ्री घ्यावा. जुना फोन जोडला जात नसेल तरच डब्ल्यूपीए-टू. डब्ल्यूईपी असे लिहिलेले कुलूप घेऊ नये, ते फार पूर्वीच फुटले आहे.

वरच्या परिच्छेदात दोष असतील. मराठीच्या अध्यापकांनी ते काढावेत, तेवढ्याचसाठी तो इथे छापला आहे. पण दोष काढण्याची रीत आम्ही सुचवतो. तृतीय वर्षाच्या वर्गाला हाच विषय द्यावा, दोन पानांची मर्यादा घालावी, आणि उत्तरपत्रिका घेऊन भोरला किंवा वेल्ह्याला जावे. ज्या घरात नवा राऊटर खोक्यात पडून आहे अशा घरातल्या बाईंच्या हातात एकेक पान द्यावे. विद्यार्थ्याने उंबऱ्याबाहेर बसावे, बोलू नये. त्या ज्या शब्दाशी थांबतील त्याखाली खूण करावी. केबलवाल्याकडून जोडणीची नाममुद्रा आणि परवलीचा शब्द आधी मागून घ्यावा, वहीच्या पानावर लिहावा, आणि ते पान सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवायला सांगावे, पाऊस सुरू व्हायच्या आत.